लंडन-पॅरिस: सव्वा तास, पण कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात आमची खाला तीन महिने लंडनला होती. थोरला मुलगा तिकडं नोकरीला, सुनेचं बाळंतपण, घरात दुसरं मोठं माणूस नाही. साठी ओलांडलेली खाला आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली ती यासाठी. तिची धाकटी मुलगी पॅरिसला शिकते. मायलेकींची दोन वर्षं भेट नव्हती.

एक दिवस थोरल्यानं मोबाईलवर शोधून तिला दाखवलं: लंडन ते पॅरिस, अंतर ३४४ किलोमीटर, विमानानं १ तास १५ मिनिटं. खालानं तडक मला फोन लावला. आवाजात अशी खुशी की जणू धाकटी शेजारच्या मोहल्ल्यात राहते.

“अरे, परभणीहून नांदेडला जायला एवढाच वेळ लागतो ना? इत्ता नजदीक है तो जाके आती ना मैं. जुम्म्याला जाते, इतवारी परत येते.”

नांदेडचा हिशेब चुकीचा नव्हता. रेल्वेनं साधारण तेवढाच वेळ लागतो. मी ‘हो’ म्हणालो, पण पुढचं सांगायचं जिवावर आलं. खालाकडं होता तो ब्रिटनचा व्हिसा. पॅरिसला जायचं तर शेंगेनचा वेगळा व्हिसा लागतो आणि तो साधारणपणे माणूस जिथला रहिवासी आहे तिथूनच मागावा लागतो. लंडनमध्ये पाहुणी म्हणून आलेल्या बाईला तो हवा असेल तर तिनं मुंबईला परत यायचं, अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, दोन-तीन आठवडे वाट पाहायची आणि मग निघायचं. म्हणजे लंडनहून पॅरिसला जायचा तिचा रस्ता मुंबईवरून जात होता. नुसती एक बाजूच सात हजार किलोमीटरच्या वर.

धाकटीनं लंडनला यावं, हा दुसरा मार्ग होता. ब्रिटनचा व्हिसा ती पॅरिसमधूनच मागू शकत होती. पण त्याची फी सव्वाशे पौंडांच्या आसपास, बँकेचे कागद, कॉलेजचं पत्र, निकाल येईपर्यंत काही आठवडे जीव टांगणीला आणि मधेच परीक्षा. विद्यार्थ्याच्या खिशाला हे झेपत नाही.

खालाच्या वाट्याला आलं ते लहान दुःख आहे. पुढं ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांच्यासमोर तर ते काहीच नाही. पण तिच्या त्या एका प्रश्नामुळं मी ‘१ तास १५ मिनिटं’ या आकड्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

आधी आकड्याचंच बघू. हीथ्रो आणि शार्ल द गोल या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ३४८ किलोमीटर आहे. ताशी आठशे किलोमीटरनं उडणाऱ्या विमानाला ते कापायला अर्धा तासही नको. मग सव्वा तास कशाचा? तिकिटावर छापलेला वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडं जाऊन उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, वर चढणं, खाली येणं, हीथ्रोवर उतरायला जागा मिळेपर्यंत आकाशात घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. शिवाय कंपन्या त्यात थोडा वेळ वरून घालून ठेवतात, म्हणजे दहा मिनिटं उशीर झाला तरी ‘वेळेवर पोहोचलो’ म्हणता येतं. प्रत्यक्ष हवेतला वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं. त्यात विमानतळ शहरांपासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब आणि दोन तास आधी हजर राहायचं. घराच्या दारापासून दारापर्यंत धरलं तर चार-पाच तास कुठं जात नाहीत.

घड्याळाची गंमत आणखी वेगळी. सकाळी ८ ला लंडनहून निघालेलं विमान पॅरिसला १० वाजून २० मिनिटांच्या सुमारास पोहोचतं. उलट पॅरिसहून ९ ला निघालेलं लंडनला ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास. जाताना सव्वादोन तासांच्या वर, येताना वीस मिनिटं! कारण दोन्ही शहरांच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे. हा तास आला कुठून? सूर्याला विचाराल तर पॅरिस ग्रीनिचच्या फक्त ९ मिनिटं २१ सेकंद पुढं आहे. १९११ मध्ये फ्रान्सनं ग्रीनिचची वेळ स्वीकारली, पण ‘ग्रीनिच’ हा शब्द कायद्यात येऊ दिला नाही. ‘पॅरिसची वेळ, वजा ९ मिनिटं २१ सेकंद’ अशी शब्दरचना केली. इंग्रजांचं नाव घ्यायचं नव्हतं, दुसरं काय! (आपल्या मुंबईनंही भारतीय प्रमाणवेळेला १९५५ पर्यंत दाद दिली नव्हती, ३९ मिनिटं मागं राहून स्वतःचा ‘बॉम्बे टाइम’ चालवला.) मग १९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि त्यांनी घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली. फौजा गेल्या, पण फ्रान्सनं ती वेळ पुढंही कायम ठेवली. म्हणजे हा तास भूगोलानं दिलेला नाही, तो युद्धानं मागं ठेवलेला आहे.

खालाला हे कोणी सांगितलं नव्हतं, तिला ते मगरिबच्या वेळी कळलं. नोव्हेंबरात दोन्ही शहरांत सूर्य जवळजवळ एकाच वेळी मावळतो. लंडनच्या घड्याळात सव्वाचार, पॅरिसच्या घड्याळात सव्वापाच. ती फोनवर म्हणायची, “मी आत्ता नमाजला उठतेय”, आणि पलीकडून धाकटी म्हणायची, “मी पण.” एका तासाचा फरक असलेल्या दोन शहरांत एकाच मिनिटाला मगरिब कशी होते, हे कोडं तिनं मला दोनदा विचारलं.

आता रेल्वे. जाणकार लोक या प्रवासाला विमान घेत नाहीत, गाडीनं जातात. १९३६ ते १९८० या काळात ‘नाइट फेरी’ नावाची गाडी होती. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर झोपायच्या डब्यात शिरायचं, तो डबाच रात्री जहाजावर चढवला जायचा आणि सकाळी पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनात डोळे उघडायचे. ६ मे १९९४ ला समुद्राखालच्या बोगद्याचं उद्घाटन झालं. लांबी साधारण ५० किलोमीटर, त्यातला ३८ किलोमीटरच्या आसपासचा भाग समुद्रतळाखाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोस्टार गाडी सुरू झाली. तेव्हा तीन तास लागायचे. २००७ मध्ये इंग्लंडच्या बाजूचा वेगवान मार्ग पूर्ण झाला आणि वेळ सव्वादोन तासांवर आली. ४९२ किलोमीटर, शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात. माणसाच्या हातून झालेल्या मोठ्या कामांत या बोगद्याची गणना व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्याच स्टेशनवर एक मजा बघा. गार द्यू नॉरच्याच एका फलाटावरून ब्रुसेल्सची गाडी सुटते. वेळ १ तास २२ मिनिटं. सुटायच्या पाच मिनिटं आधी या आणि बसा. देश बदलतो, कोणी पासपोर्ट विचारत नाही. लंडनच्या गाडीला मात्र तासभर आधी यायचं, सामान यंत्रातून काढायचं, आधी फ्रेंच पोलिसांना पासपोर्ट दाखवायचा, चार पावलांवर ब्रिटिश अधिकाऱ्याला. ब्रिटनची सीमा पॅरिसच्या स्टेशनात आणि फ्रान्सची सीमा लंडनच्या स्टेशनात बसवलेली आहे. ब्रेक्झिटनंतर यात भरच पडली. १ ऑक्टोबर २०२१ पासून फ्रेंच पर्यटकाचं साधं ओळखपत्र ब्रिटनमध्ये चालत नाही, पासपोर्टच लागतो. एप्रिल २०२५ पासून त्यालाही निघण्याआधी मोबाईलवरून ऑनलाइन परवानगी काढावी लागते. गाडी जितकी वेगवान झाली तितकी तिच्यापुढची रांग लांबली.

हे आजचं नाही. लंडन-पॅरिस हा जगातल्या पहिल्या नियमित आंतरराष्ट्रीय विमानमार्गांपैकी एक. २५ ऑगस्ट १९१९ ला लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथवरून एक लहान विमान ल बूर्जेकडं निघालं. आत एक प्रवासी, थोडी वर्तमानपत्रं, डेव्हनशायरची साय आणि शिकार करून आणलेले पक्षी. वेळ लागला अडीच तासांच्या आसपास. पहिल्या महायुद्धाआधी पश्चिम युरोपात सामान्य प्रवाशाला सीमा ओलांडायला पासपोर्ट सहसा लागत नसे. युद्धात तो सक्तीचा झाला, आणीबाणीची सोय म्हणून. आणि पहिलं विमान उडाल्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२० मध्ये, राष्ट्रसंघाच्या पुढाकारानं एक परिषद भरली. विषय होता पासपोर्ट. भरली कुठं? पॅरिसमध्येच. पासपोर्ट पुढं-मागं रद्द व्हावा अशी इच्छा तिथं व्यक्त झाली आणि तोवर सर्वांचा एकसारखा असावा म्हणून त्याचा नमुना ठरवण्यात आला. इच्छा कागदावर राहिली, नमुना टिकला. आज आपल्या खिशातली छोटी पुस्तिका त्याच नमुन्याची वारसदार आहे. विमान आणि पासपोर्ट ही जुळी भावंडं म्हणायला हरकत नाही. एकानं अंतर कमी केलं, दुसऱ्यानं ते कोणासाठी कमी करायचं हे ठरवलं.

आपल्या लोकांचं त्यात काय झालं तेही पाहू. १९६२ पर्यंत भारतीय माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये जाऊन राहू शकत होता. कोकणातली कित्येक मुस्लिम कुटुंबं तिकडं स्थिरावलेली आपण पाहतो. त्या वर्षीच्या कायद्यानं तो दरवाजा निम्मा लागला. १९८६ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश या देशांच्या नागरिकांना नुसत्या भेटीसाठीही व्हिसा लागू झाला. आणि १९८७ मध्ये एक असा कायदा आला ज्याची चर्चा फार होत नाही, पण माझ्या मते खरी मेख तिथं आहे. श्रीलंकेच्या यादवीतून निसटलेले काही तमिळ त्याच सुमारास हीथ्रोवर उतरून आश्रय मागत होते. सरकारनं कायदा केला की योग्य कागद नसलेला प्रवासी जी विमान किंवा जहाज कंपनी आणेल, तिनं माणशी १,००० पौंड दंड भरायचा. १९९१ मध्ये तो २,००० झाला. युरोपीय संघानंही २००१ मध्ये अशाच दंडाचा निर्देश काढला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सीमेवर कोणाला आत घ्यायचं हे ठरवणारा अधिकारी आता चेक-इन काउंटरवर बसलेला कंपनीचा नोकर झाला. त्याला निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार शिकवलेला नाही. कोण जीव मुठीत धरून पळतंय आणि कोण कामाच्या शोधात निघालंय, हे पाहणं त्याचं काम नाही. त्याला एवढंच ठाऊक की कागद नसलेला माणूस चढला तर कंपनीला दंड. तो ‘नाही’ म्हणतो. दुसरीकडं ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा तर आधी ब्रिटनच्या भूमीवर पाय ठेवावा लागतो. आश्रय मागण्यासाठी व्हिसा नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. म्हणजे आत आल्याशिवाय मागता येत नाही आणि मागितल्याशिवाय आत येता येत नाही. पन्नास पौंडांच्या आतलं विमानतिकीट कित्येकदा मिळतं. रबरी होडीत बसवणारा तस्कर त्याच्या कितीतरी पट घेतो, आणि तिथं लाइफ जॅकेटची खात्री नसते.

ऑगस्ट २०१५ मध्ये एक सुदानी माणूस त्या समुद्राखालच्या बोगद्यात शिरला आणि चालू लागला. शेजारून ताशी १६० किलोमीटरनं गाड्या धडधडत होत्या. अंधारात जवळजवळ अख्खा बोगदा पायी चालून तो इंग्लंडच्या तोंडाशी पोहोचला तेव्हा त्याला पकडलं. आता गुन्हा कोणता लावायचा? वकिलांनी १८६१ सालचा एक कायदा शोधून काढला, रेल्वेगाडीला अडथळा आणल्याचा. राणी व्हिक्टोरियाच्या काळचा कायदा, ज्या काळात हा बोगदा फक्त काही इंजिनियरांच्या डोक्यात होता! त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनच्या सरकारनं त्याला निर्वासित म्हणून आश्रय दिला. म्हणजे त्याची गरज खरी होती, हे मान्य केलं. आणि पुढच्या वर्षी त्याच देशाच्या न्यायालयानं, पोहोचताना गाड्या अडवल्या म्हणून, नऊ महिन्यांची शिक्षा सुनावली. तेवढे दिवस तो आधीच आत राहून चुकला होता, म्हणून सुटला. मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. तुझं येणं योग्य होतं, येण्याची पद्धत मात्र गुन्हा होती. आणि योग्य पद्धत कोणती होती, तर कोणतीच नव्हती. ज्या बोगद्यातून गाडी वीस-एक मिनिटांत जाते, तो त्या माणसासाठी चालत जायचा रस्ता होता.

स्टेशनं आणि बंदरं कडेकोट झाल्यावर लोक समुद्राकडं वळले. डोव्हरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी ३३ किलोमीटर आहे. हवा स्वच्छ असली की पलीकडचे पांढरे कडे दिसतात, आणि तेच फसवतात. २०१८ मध्ये लहान होड्यांतून ३०० च्या आसपास माणसं आली होती. २०२२ मध्ये हा आकडा ४५ हजारांवर गेला. २४ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे अशीच एक होडी बुडाली. किमान २७ जण गेले, काही कधीच सापडले नाहीत. त्यांत इराकी कुर्द बरेच होते, अफगाण होते, इथिओपियाचे होते, बायका होत्या, मुलं होती. बुडणाऱ्यांनी दोन्ही देशांना फोन केले होते. पुढं तपासात त्या संभाषणांचा तपशील बाहेर आला. मदत मागणाऱ्याला फ्रान्सच्या बाजूनं ऐकवलं जात होतं की तुम्ही इंग्लंडच्या पाण्यात आहात. ज्या पाण्यावरून ते विमान पाच-सात मिनिटांत जातं, त्या पाण्यात माणसं कोणाच्या हद्दीत बुडतायत यावर बोलणं चाललं होतं.

आपल्याकडं असं काही वाचलं की काही जण लगेच ‘हा इस्लामद्वेष’ म्हणून मोकळे होतात. मला हे निदान अपुरं वाटतं. द्वेष नाही असं नाही, तिकडच्या निवडणुकांची भाषणं ऐकली की तो ऐकू येतो. पण संयुक्त अरब अमिरातीच्या नागरिकाला २०१५ पासून पॅरिसला जायला व्हिसा लागत नाही. तो दुबईत नाश्ता करून निघतो आणि पॅरिसला संध्याकाळची खरेदी करतो. मुसलमान तोही आहे आणि तो सुदानीही होता. त्याउलट श्रीलंकेचे ते तमिळ मुसलमान नव्हते. कागदी भिंत धर्म बघते त्याहून जास्त देश बघते आणि देशाहून जास्त बँकेतली शिल्लक. आपण ‘उम्मत’ म्हणून गळा काढतो तेव्हा श्रीमंत मुस्लिम देशांनी स्वतःची दारं किती निर्वासितांना उघडली, हाही प्रश्न विचारायला हवा. तो आपण टाळतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मला कळतं. कोणताही देश सगळी दारं सताड उघडी ठेवू शकत नाही. तस्करांच्या टोळ्या खऱ्या आहेत, त्यांना रोखायलाच हवं. घरांची टंचाई, दवाखान्यांतल्या रांगा हे ब्रिटनच्या गरीब माणसाचे खरे प्रश्न आहेत, आणि त्या रांगेत आपली तिथं स्थिरावलेली माणसंही उभी आहेत. पण बंदोबस्त वाढवून तीस वर्षांत काय झालं ते समोर आहे. बोगदा बंद झाला तर लोक ट्रकच्या मागं लपले, ट्रक तपासले तर होडीत बसले. २०२५ च्या उन्हाळ्यात दोन्ही देशांनी एक करार केला: होडीतून आलेल्या एकाला फ्रान्सला परत पाठवायचं आणि त्याबदल्यात तिथल्या एकाला कायदेशीर वाटेनं आणायचं. योजना फार लहान आहे आणि परत पाठवल्या जाणाऱ्याच्या दृष्टीनं क्रूरही. तरी तिच्यात एक गोष्ट पहिल्यांदा मान्य झाली, की कायदेशीर वाट काढता येते. पॅरिसच्या स्टेशनात ब्रिटनचा अधिकारी बसलेलाच आहे. शिक्का मारायला तो बसू शकतो, तर आश्रयाचा अर्ज घ्यायला का नाही? अर्ज नाकारायचा तर नाकारा, पण कोरड्या जमिनीवर नाकारा.

खाला फेब्रुवारीत परत आली. निघायच्या आधीच्या रविवारी थोरला तिला सेंट पँक्रस स्टेशन बघायला घेऊन गेला. मोठं, देखणं, लाल विटांचं स्टेशन. वरच्या मजल्यावर काचेच्या पलीकडं पॅरिसची गाडी उभी होती. तिनं काचेला मोबाईल टेकवून फोटो काढला आणि धाकटीला पाठवला. धाकटीचा लगेच फोन आला: “अम्मी, पुढं जाऊ नको हां, तिथं तिकीट तपासतात.”

खाला म्हणाली, “तिकीट तर थोरला काढून देत होता की.”